येऊ दे तिला

मागच्या रविवारी मी एक वाळलेला वाडगा पाण्याच्या बादलीत सोडून दिला. भाजलेला नव्हता, नुसता सावलीत वाळवलेला, पांढुरका पडलेला, नखानं टिचकी मारली की टक्क वाजणारा. पाण्यात गेल्या गेल्या त्याच्यातनं सूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, अंगातनं बुडबुड्यांच्या माळा सुटल्या, मग काठाचे पापुद्रे एकेक करून गळायला लागले, आणि मी चहा ओतून घेऊन परत येईपर्यंत वाडगा नव्हताच, तळाशी मऊ चिखलाचा ढीग होता. चार दिवस घातले होते मी त्याच्यावर. पण एका बाजूचा काठ जड झाला होता, हातात घेतला की कळायचं, आणि एकदा कळल्यावर तो तसाच भाजायला मन होईना.

नवल याचं वाटतं की अर्धवट ओली माती अशी विरघळत नाही. पाण्यात टाकली तरी गोळा तसाच बसून राहतो, वरून नुसता बुळबुळीत होतो. पार कोरडी झाली, आतला शेवटचा ओलावा गेला, की मगच ती पाणी भराभर आत घेते आणि स्वतःला सोडून देते. मला हे कुणी शिकवलं नाही, बादलीनं शिकवलं. चुकलेला गोळा मी घाईघाईत ओलाच पाण्यात टाकायचे आणि दोन दोन दिवस तो फुटायची वाट बघत बसायचे.

मी कुठल्या आर्ट स्कूलला गेलेली नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या तेवढंच, पुढं कोल्हापूरला कलानिकेतनला जायची फार इच्छा होती पण घरात तसा विषय काढण्यासारखी परिस्थिती नव्हती, आणि मला त्याचा राग पण आला नाही तेव्हा, कारण घरात सगळ्यांचेच हात सतत कामात असायचे. आम्ही इचलकरंजीचे. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला हे आमच्याकडे शाळकरी पोराला पण माहिती असतं, आणि माझ्या लहानपणी तर गल्लीत माग बंद पडले की झोप मोडायची, आवाज नाही म्हणून. आई कांड्या भरायची. अण्णा वहिफणी कामगार.

वहिफणी म्हणजे काय ते बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगते. सायझिंगहून, म्हणजे सुताला कांजी लावतात तिथनं, सुताचा बीम येतो, तारा गुंडाळलेला मोठा रूळच, त्याची एकेक तार (आमच्याकडे धागा कुणी म्हणत नाही, तारच म्हणतात) आधी वहीच्या (लिहायची वही नव्हे, मागावर तारा वर-खाली करणारी चौकट) डोळ्यातनं आणि मग फणीच्या दातांतनं ओढून घ्यायची, तेव्हा कुठं तो बीम मागावर चढतो. एका बीमला अडीच-तीन हजार तारा. पुढं एक माणूस हूक घेऊन बसतो आणि मागनं दुसरा एकेक तार उचलून त्या हुकात देतो. मे महिन्याच्या सुट्टीत मागं मी बसायचे. कांजी लावलेली तार बोटाला किंचित खरखरीत लागते, आणि ती द्यायची म्हणजे नुसती हुकात अडकवायची आणि हात ढिला सोडायचा, पुढचं अण्णा बघायचे. मला ढिला सोडायला जमायचं नाही. मी पकडून ठेवायचे किंवा पुढं ढकलायचे आणि तार तुटायची. अण्णा मान पण वर न करता म्हणायचे, "वढू नगंस. येऊ दे तिला."

एकदा माझ्याकडनं दोन तारांची अदलाबदल झाली. अशी चूक राहिली की ताक्याच्या पहिल्या वारापासनं शेवटच्या वारापर्यंत कापडात रेघ येते, ती नंतर कशानं जात नाही. चारेकशे तारा पुढं गेल्यावर अण्णांच्या लक्षात आलं. त्यांनी काही न बोलता त्या सगळ्या तारा परत बाहेर काढल्या, त्या दोन चुकलेल्या तारांपर्यंत मागं गेले, त्या नीट केल्या आणि तिथनं परत सुरुवात केली. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मी रडत होते. ते म्हणाले, "गावली न्हवं? मग झालं की."

चूक जिथं आहे तिथपर्यंत मागं जायचं आणि तिथनं परत यायचं, हे मला इतकं लहानपणी बघायला मिळालं की मला वाटायचं सगळ्याच कामात असं करता येत असेल.

पुढं नोकरी, लग्न, पुणे, बावीस वर्षं एका सहकारी बँकेचा काउंटर, हे सगळं झालं आणि ते चांगलंच झालं, त्याबद्दल इथं लिहायचं नाही. चाळिशीच्या आसपास मी एका जुन्या फोटोफ्रेमला वर-खाली खिळे मारले, माहेराहून आणलेल्या दशा, म्हणजे मागावर उरलेल्या सुताच्या तारा, त्याच्यावर ताणल्या आणि विणायला लागले. नंतर लोकर आली. पट्टणकोडोलीला माझी आत्या असते, तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत लहानपणी भंडाऱ्यानं पिवळी झालेली धनगरांची घोंगडी बघितलेली, पण ती लोकर नुसती, कातरलेली, हातात घ्यायची वेळ पहिल्यांदा आली. दख्खनी मेंढीची लोकर मऊ नसते. ती टोचते, तिच्यात जाड राठ केस असतात, तिला रानाचा वास असतो. तिचं घोंगडं सनगर विणतात तेव्हा वरनं चिंचोक्याची खळ देतात म्हणून त्याला तो ताठपणा येतो. घोंगड्यांना गिऱ्हाईक कमी झालं तशी ही लोकर पण पडून राहायला लागली, कित्येक धनगर कातरून नुसती टाकून देतात, आणि मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण काळा, करडा, तांबूस काळा असे जे रंग त्या मेंढीच्या अंगावर आपसूक असतात ते मला कुठल्या रंगाच्या डब्यात अजून मिळालेले नाहीत.

लोकरीचं काम उसवता येतं म्हणून मी त्यात बेधडक शिरले. आवडलं नाही की ओढ, गुंडाळ, परत सुरुवात. कितीतरी महिने माझं एकही काम पूर्ण झालं नाही, मी रात्री विणायचे आणि सकाळी उसवायचे. शिकवणारं कुणी असतं तर म्हणालं असतं की बाई आता राहू दे, हे झालंय, पुढचं घे. एकट्यानं शिकणाऱ्याला कसं करायचं ते आज कुठंही सापडतं, व्हिडिओ आहेत, पुस्तकं आहेत. पण थांब म्हणणारं माणूस सापडत नाही.

आणि उसवलेली लोकर पहिल्यासारखी नसतेच. ती कुरळी होते. ज्या वळणानं विणली होती ती सगळी वळणं तिच्यात तशीच राहतात, ती धुवून, वजन टांगून वाळवली तर बरीचशी सरळ होते, पण दोनतीनदा उसवलेली तार विसविशीत होतेच. अण्णांच्या त्या चारशे तारांचं पण तसंच झालं असणार. वहीतनं परत परत ओढल्यावर त्यांच्यावरची कांजी थोडी तरी गेलीच असेल. त्यांना ते माहिती असणार, मला आत्ता कळतंय.

जलरंगांकडे मी आले ते मुलीच्या राहिलेल्या कॅमलच्या ट्यूबा वाया जाऊ नयेत म्हणून, आणि आल्या आल्या रडकुंडीला आले. इथं मागं जाताच येत नाही. कागदावर एक ओला हात फिरला की तो फिरला. मी चूक पुसायला जायचे, ओल्या ब्रशनं घासायचे, मग टिशू, मग परत पाणी, आणि कागदाची अक्षरशः साल निघायची, कापसाच्या गाठींसारखे तंतू वर यायचे आणि त्याच्यावर पुढचा रंग डाग पडल्यासारखा बसायचा. मला बरेच दिवस वाटत होतं माझा हातच वाईट. नंतर कळलं की कागदाला वरनं सरस दिलेला असतो, त्याच्यामुळं रंग वरच थांबतो, आणि घासून घासून मी तो सरसच काढून टाकत होते. कांजी लावलेली तार जिनं लहानपणी हाताळलीये तिला हे कळायला दोन वर्षं लागावीत याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० साली सुरू झालेली, तिथनं मी सुती चिंध्यांच्या लगद्याचे कागद आणते. पहिल्यांदा तो कागद उजेडासमोर धरला तेव्हा त्याच्यात एक निळी तार दिसली, कुणाच्या तरी कापडातली, लगदा होताना सुटून राहिलेली. तो कागद मी अजून रंगवलेला नाही.

रंगांचं पण हळूहळू कळत गेलं. अल्ट्रामरीन निळा कागदावर दाणेदार बसतो आणि नंतर ओल्या ब्रशनं बराचसा उचलून घेता येतो. थॅलो निळा तसा नाही, तो एकदा लागला की कागदात मुरतो, काहीही करा, फिक्कट निळी सावली राहतेच. आणि पांढरा तर रंगच नाही, पांढरा म्हणजे तुम्ही जिथं हात लावला नाहीत तो कागद. ही एक गोष्ट डोक्यात बसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, की उजेड काढायचा नसतो, राखायचा असतो, आणि तो कुठं राखायचा हे ब्रश ओला करायच्या आधी ठरवायला लागतं.

मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं. हळदणकर सावंतवाडीचे, आणि चित्रात उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी. लोक येतात, उजेड बघतात, बोटांतनं झिरपणारा तांबूस प्रकाश बघतात आणि हे तैलचित्र असणार असं धरूनच चालतात. ते जलरंगात आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला एवढंच सुचत होतं की या माणसानं त्या ज्योतीच्या आसपासचा कागद किती सांभाळला असेल, एक थेंब पण इकडचा तिकडे झाला असता तर परत करायची सोय नव्हती. माझ्या मिस्टरांनी दोनदा चल म्हणलं. मी तिसऱ्यांदा हलले.

आणि कोल्हापूरचे आबालाल रहिमान. जेजेला शिकून परत आले, शाहू महाराजांच्या पदरी होते, कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि रंकाळ्याचा संध्यामठ, कोटितीर्थ, तेच पाणी, तीच संध्याकाळ परत परत रंगवत राहिले. महाराज १९२२ साली गेले तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात. लहानपणी ही गोष्ट ऐकून मला ते वेडेपण वाटायचं. आता तसं वाटत नाही. जलरंगाला डिंक असतो, बाभळीच्या जातीच्या झाडाचा, त्याच्या जोरावर रंग कागदाला धरून असतो आणि डिंक तर पाण्यात सुटतोच. ज्या पाण्याकडं बघून रंगवलं त्याच पाण्यात ते रंग सुटले असतील, कागद जड होऊन खाली गेले असतील. कोटितीर्थावरनं जाताना मी अजून दोन मिनिटं थांबते.

इथल्या हवेचं एक सांगायलाच पाहिजे, कारण शिकताना मला त्याचा फार त्रास झाला. मी बघायचे ते व्हिडिओ थंड देशातले. ते म्हणणार, ओल्या कागदावर रंग सोडा आणि दहा मिनिटं थांबा. इथं एप्रिलात बाल्कनीत दुसरा हात फिरवेपर्यंत पहिला वाळलेला असतो, रंगाला कडा धरते, आकाशात पट्टे उठतात. आणि जुलैत उलटं, सकाळी रंगवलेलं रात्रीपर्यंत ओलं, मागनं आलेलं पाणी रंगाला ढकलून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पाडतं. मी कागद पाठीमागनं पण भिजवायला लागले, उन्हाळ्यात पहाटे पाचला रंगवायला बसायला लागले, पावसाळ्यात रंग जवळजवळ बंदच ठेवायला लागले. आपला कागद आणि आपला वैशाख यांचं कसं जमवायचं हे ज्याचं त्यानं शोधायचं.

मातीकडं मात्र मी माणसामुळं आले. पंचगंगेच्या काठच्या एका गावात आमच्या नात्यातल्या ओळखीनं एका कुंभारमामांकडं दोन उन्हाळे गेले, फक्त सुट्टीपुरतं, बसायला. पहिल्या वर्षी मी जाताना शेतातली काळी माती पिशवीत भरून नेली होती, मोठ्या हौसेनं, आपल्या रानाची म्हणून. मामांनी चिमूट घेतली, पाण्यात भिजवून बोटावर फिरवली आणि म्हणाले, "ताई, ह्या मातीत पीक येतंय, भांडं येत न्हाई." मी तरी हट्टानं एक पणती केली. ती वाळताना मधोमध उलली, जशी आपली रानं मार्चात उलतात तशी. काळ्या मातीचा कण पाणी पिऊन टम्म फुगतो आणि वाळताना तेवढाच आखडतो, म्हणून तिला भेगा. भांड्याला मामा नदीकाठचा पोयटा घ्यायचे, त्याच्यात राख आणि लीद मळायचे, म्हणजे माती मोकळी राहते, आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते.

ते वाटेचं मी ऐकलं होतं आणि तरी विसरले. पुण्यात एका सामायिक भट्टीत मी माझं पहिलं जाड काम दिलं, एक भरीव बैल, बेंदराला घरी आणतो तसा. बाहेरनं वाळलेला वाटत होता. पोटात ओल होती. भट्टी शंभराच्या पुढं गेली, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि बैल फुटला, नुसता तो नाही, त्याच्या तुकड्यांनी शेजारच्या एका मुलीचे तीन कप पण गेले. चूक माझी होती, मीच घाई केली होती. त्या मुलीनं तुकडे उचलताना मला एकही शब्द ऐकवला नाही, मी तिला कप परत करून दिले तरी तिचे होते ते गेलेच. त्यानंतर मी पावसाळ्यात माती तीन तीन आठवडे वाळवते, गालाला लावून बघते, गार लागली म्हणजे अजून ओल आहे.

मातीत मला सगळ्यात जास्त हलवून टाकलं ते एका साध्या फरशीनं. चौकोनी पातळ फरशी उचलताना माझ्या हातून जरा वाकली, मी लगेच फळीवर सरळ केली, वरनं लाटणं फिरवलं, वाळली तेव्हा सपाट होती. भट्टीतनं निघाली ती वाकलेली. ज्या कोपऱ्याला वाकली होती बरोबर त्याच कोपऱ्याला. मातीचे कण पत्र्यासारखे चपटे असतात आणि वाकवताना ते जसे फिरतात तसे फिरलेलेच राहतात, आपल्याला वरनं दिसत नाही. मी ती फरशी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीये. लोकर, कागद, माती, तिन्हीत मी मागं जायची वाट शोधत होते आणि कुठंच ती पुरती मोकळी निघाली नाही.

पण मातीत एक वेळ अशी येते जिच्या अलीकडं सगळं होऊ शकतं आणि पलीकडं काही नाही. साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांमध्येच बांधलेलं जे पाणी असतं, ते पण निघून जातं. मग बादलीत टाका, वर्षभर ठेवा, ती परत चिखल होत नाही. मी माझी छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतल्यापासनं हा टप्पा रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला येतो आणि मी तेव्हा जवळ जाऊन बसते. बघण्यासारखं काही नसतं, फटीतनं जेमतेम तांबूसपणा दिसायला लागलेला असतो. तरी बसते.

शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या कामाचे फोटो मी गेली कित्येक वर्षं फोनमध्ये ठेवलेत. त्यांचा जन्म १९४९ चा, मुंबईतला. माग नाही, आधी काढलेलं चित्र नाही, जाड दोरखंडाला हातानं गाठी मारत मारत माणसापेक्षा उंच आकृत्या त्यांनी उभ्या केल्या. त्या रीतसर शिकलेल्या होत्या, बडोद्याला, माझ्यासारख्या नव्हेत. पण दोरीवरनं त्या मातीकडं गेल्या आणि मातीवरनं ब्रॉन्झकडं. मी ते फोटो क्रमानं लावून बघते आणि मला वाटतं ही बाई सुटणाऱ्या गाठीपासनं न सुटणाऱ्या धातूपर्यंत आपल्या पायानं चालत गेली. २०१५ च्या जानेवारीत दिल्लीत त्यांच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

अण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांच्या वस्तूंत माझ्या वाट्याला एक पितळी मुठीचा हूक आला आणि तंबाखूच्या डब्यात कोंबून ठेवलेल्या दशा, हात पुसायला ठेवायचे त्या. पांढऱ्या सुताच्या, मळून पिवळट झालेल्या, एका टोकाला कांजी अजून कडक.

सूत पातळ केलेल्या मातीत बुडवायचं आणि ते तसंच भाजायचं अशी एक पद्धत आहे. आतलं सूत जळून जातं आणि त्याच्यावर बसलेली माती राहते, आतनं पोकळ, सुताची प्रत्येक पीळ, प्रत्येक गाठ जशीच्या तशी. मी बाजारच्या सुतावर पाच-सहा वेळा करून बघितलंय. निम्म्या वेळा मोडतं. उरलेलं हातात घेतलं तर वजन लागत नाही.

मंगळवारी मी डबा उघडला. दशांचे दोन भाग केले, एक परत डब्यात ठेवला. दुसरा ताटलीत मोकळा केला, त्याला एक गाठ होती, अण्णांनीच मारलेली असणार, ती सोडली नाही. रविवारच्या वाडग्याचा चिखल गाळून पातळ केला होता, त्याच्यात तो गुच्छ बोटांनी हळूहळू दाबून बुडवला, बुडबुडे येऊन थांबेपर्यंत धरून ठेवला आणि जाळीवर ठेवला. सुतानं चिखल धरला. काही तारा एकमेकींना चिकटत होत्या, त्या मी ओढून वेगळ्या केल्या नाहीत.

आज शुक्रवार. तो आता पांढुरका व्हायला लागलाय. आत्ता पाण्यात धरला तर माती निघून येईल आणि सूत बरंचसं हाती लागेल, थोडं मातकट. सकाळी गालाला लावून बघितला, अजून किंचित गार लागतोय.

भट्टी उद्या संध्याकाळी लावायची आहे. बादली मी भरून ठेवलीये.